शेणखत आधी, युरिया नंतर: मावळ-मुळशीत पहिल्यांदा भात लावणाऱ्यांसाठी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतो: "शेणखत टाकलंय, मग आता युरिया टाकू का नको?" विचारणारे बहुतेक नवे असतात. कुणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त होऊन पवनेकाठच्या वडिलोपार्जित तुकड्याकडे परतलेलं असतं. कुणी हिंजवडीत नोकरी सांभाळून शनिवार-रविवार मुळशीत आजोबांची पडीक खाचरं (बांध घातलेली भातशेतं) पुन्हा लागवडीखाली आणत असतं. प्रश्न रास्त आहे, पण जुलैत विचारायला उशीर झालेला असतो. या दोन खतांची सांगड महिन्यांच्या हिशेबाने घालावी लागते. शेणखताचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि पहिल्या चिखलणीपर्यंत (लावणीआधी पाणी भरून खाचरात चिखल करतात तोवर) संपतं. रासायनिक खताचं काम चिखलणीला सुरू होतं आणि पोटरीच्या आधी, म्हणजे लोंबीने दांडा फुगण्याच्या आधी, संपतं. मध्ये दोघांची गाठ पडते ती एकदाच, आणि तिथेच बहुतेकांची चूक होते.

माझीही झाली होती. पहिल्या वर्षी मी एका गोठ्यावरून ट्रॉलीभर शेण आणलं. आतून अजून गरम होतं. जूनच्या पावसात ते वीस गुंठ्यांवर पसरलं, चिखलणी केली आणि चौथ्या दिवशी लावणी उरकली. पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली. एक चूड (एका जागी लावलेल्या रोपांची जुडी) उपटून पाहिला तर मुळं काळपट आणि चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास. शेजारच्या खाचरातल्या काकू बांधावरून म्हणाल्या, "खत कच्चं हाय तुमचं, थोडं पाणी काढून ऱ्हाऊ द्या." मी ऐकलं नाही. घाबरून युरियाची अख्खी ४५ किलोची गोणी एकाच दिवशी फेकली. पीक आठवड्याभरात काळंभोर हिरवं झालं, मी खूश झालो. मग ऑगस्टच्या ढगाळ हवेत करपा (पानं करपवणारा रोग) आला आणि उरलेलं ऑक्टोबरच्या पावसात लोळलं.

त्या वर्षी नेमकं काय झालं हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. कच्च्या शेणात काडीकचरा भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) कमी असतं. तो कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी मातीतलं नत्र ओढून घेतात, म्हणजे रोपाच्या ताटातलं आधी तेच खातात. त्यात खाचरात पाणी तुंबलेलं, हवा नाही, म्हणून कुजताना आम्लं आणि हायड्रोजन सल्फाईड तयार होऊन मुळं भाजतात. पिवळेपणा खताच्या कमतरतेचा वाटतो, पण मूळच काम करत नसतं. अशा वेळी पाणी काढून माती दोन-चार दिवस हवेशीर करणं हाच उपाय होता. मी मात्र अख्ख्या हंगामाचं नत्र एका दिवसात ओतलं. अति नत्राने पान मऊ आणि रसाळ होतं, कांडी लांब आणि नाजूक होते. करप्याला आणि तुडतुड्यांना असंच पीक हवं असतं.

मग दोन्ही खतं कशाला, एकच का नको? शेणखत मातीची घडण सुधारतं, ओल धरतं, जस्त-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं पुरवतं, पण नत्र फार सावकाश देतं. रोपाला फुटवे फुटताना जी एकदम भूक लागते ती नुसत्या शेणखताने भागवायची तर इतकं खत लागेल की तेवढी जनावरं आता मावळात कुणाच्या दारात नाहीत. युरिया ती भूक लगेच भागवतो, पण आपल्याकडच्या पावसात टिकत नाही. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात ४,००० च्या पुढे. घाटमाथ्याची तांबडी, हलकी माती एवढ्या पाण्यात खत धरून ठेवू शकत नाही. तिला धरून ठेवायची ताकद सेंद्रिय खतामुळे येते. म्हणून टाकलेल्या युरियापैकी जास्तीत जास्त भाग पिकाला मिळावा असं वाटत असेल, तर शेणखतावरचा खर्च हा युरिया वाचवण्यासाठीचाच खर्च आहे असं मी मानतो.

दिवाळीनंतर: माती आणि उकिरडा

भात कापून झालं, खाचर जरा वाफशावर आलं, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की मातीचा नमुना घ्या. खत टाकल्यानंतर घेतलेला नमुना निरुपयोगी असतो, म्हणून हीच वेळ. एकसारखी माती असलेल्या तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. प्रत्येक ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती खरवडून घमेल्यात घ्या. बांधाजवळची, झाडाखालची आणि गेल्या वर्षी खताचा ढीग होता तिथली जागा टाळा. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा. ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत, गट नंबर लिहून, मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. तुमच्या गावाच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारलं तर कुठे द्यायची ते सांगतात. अहवालात सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि जस्त एवढं नीट वाचलंत तरी पहिल्या वर्षी पुरेसं आहे.

आता उकिरडा. चांगलं शेणखत हे विकत मिळण्यापेक्षा करावं लागतं, आणि त्याला चार ते सहा महिने लागतात. दिवाळीला सुरू केलं तर मे महिन्यात हाताशी येतं. सावलीतली, पाणी न साचणारी जागा निवडा. शेण, गोठ्यातला ओला कचरा, पालापाचोळा, थोडा चिरलेला पेंढा असे थर द्या. गोमूत्र मुरलेली गोठ्याची माती मिळाली तर ती सोन्यासारखी आहे, कारण जनावराने बाहेर टाकलेल्या नत्राचा मोठा भाग मूत्रात असतो आणि तोच आपण वाहून जाऊ देतो. थराथरांत थोडं सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरलं तर उडून जाणारा अमोनिया धरला जातो आणि खतातलं स्फुरदही वाढतं. दोन्ही खतांची पहिली सांगड खरं तर इथेच, उकिरड्यात घालता येते. ओल हातात दाबून पाहावी: मूठ बांधली जावी, पण पाणी ठिबकू नये. महिना-दीड महिन्याने एकदा वरखाली करा.

विकत घेणार असाल तर ट्रॉलीच्या हिशेबाने न घेता वजनकाट्यावर घ्या आणि घेण्याआधी ढिगात हात घाला. कुजलेलं खत थंड, काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. लोखंडी सळई ढिगात पाच मिनिटं खुपसून बाहेर काढा. ती गरम लागली तर खत अजून तयार नाही. आत पांढऱ्या, सी आकाराच्या जाड अळ्या दिसल्या तर त्या मुळं खाणाऱ्या हुमणीच्या असू शकतात, असा ढीग उन्हात पसरून अळ्या वेचल्याशिवाय शेतात नेऊ नका. कोंबडीखत स्वस्त मिळतं आणि त्यात नत्र शेणखतापेक्षा कितीतरी जास्त असतं, पण ते फार तापट असतं. ओलं करून, महिना-दोन महिने कुजवूनच आणि शेणखताच्या पाव हिश्शानेच वापरा. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत ओल्या कचऱ्याचं खत होतं. तेही भाताला चालतं. फक्त चाळून घ्या, त्यात काचेचा एखादा तुकडा राहिला तर लावणीत अनवाणी चिखलात उभ्या असलेल्या बायकांचे पाय कापतात.

गुंठ्याचं गणित

शिफारशी हेक्टरमध्ये असतात आणि आपली खाचरं गुंठ्यात. सोपी युक्ती अशी: हेक्टरमध्ये जवळपास १०० गुंठे असतात, म्हणून हेक्टरी जितके किलो सांगितलेत त्याला १०० ने भागा, गुंठ्याचा हिशेब मिळाला. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही नेहमीची मात्रा आहे, म्हणजे गुंठ्याला १ किलो, अर्धा किलो आणि अर्धा किलो. सोबत हेक्टरी १० टन शेणखत, म्हणजे गुंठ्याला १०० किलो.

नवे लोक अडखळतात ते "नत्र" आणि "युरिया" यांत. युरियात नत्र ४६ टक्के असतं. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि वर गंधक. गोणीवरचे १०:२६:२६ असे आकडे याच क्रमाने वाचायचे: नत्र, स्फुरद, पालाश.

दहा गुंठ्यांचं खाचर धरू. लागणार १० किलो नत्र, ५ किलो स्फुरद, ५ किलो पालाश. स्फुरदासाठी डीएपी साधारण ११ किलो. त्यातून जवळपास २ किलो नत्र आपोआप आलं. उरलं ८ किलो, त्यासाठी युरिया साडेसतरा किलो. पालाशासाठी म्युरेट सव्वाआठ किलो. डीएपी मिळालं नाही आणि १०:२६:२६ मिळालं, तर ते १९ किलो घ्या, त्यात स्फुरद आणि पालाश दोन्ही भागतात आणि वर तेवढाच साडेसतरा किलो युरिया लागतो. म्हणजे दहा गुंठ्यांना युरियाची अर्धी गोणीही लागत नाही. मी वीस गुंठ्यांना एकाच दिवशी एक गोणी टाकली होती, आता तुम्हाला त्या चुकीचं वजन कळेल.

आंबेमोहरला ही मात्रा देऊ नका. तो उंच वाढणारा, नाजूक कांडीचा वाण आहे, थोडं जास्त नत्र मिळालं की लोळतो. त्याला मी निम्म्यावर थांबतो. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेली सुधारित जात आहे. ती ठेंगणी असल्याने पूर्ण मात्रा पचवते, पण करप्यापासून ती सुटत नाही, म्हणून नत्र एकदम न देता तुकड्यांनी देणं तिलाही बंधनकारकच.

"शेणखत दिलं की रासायनिक खत किती कमी करू?" याचं उत्तर मी जरा सांभाळून देतो. दहा गुंठ्यांच्या एक टन शेणखतात नत्र साधारण ५ किलो असतं, पण पहिल्या हंगामात त्यातलं पाव ते तिसरा हिस्साच पिकाला मिळतो. बाकीचं पुढच्या वर्षांसाठी मातीत शिल्लक राहतं. शिवाय वरची शिफारस शेणखत धरूनच केलेली आहे. म्हणून पहिल्या वर्षी मात्रा कमी करू नका, विशेषतः पडीक खाचर असेल तर. सलग तीन वर्षं चांगलं कुजलेलं खत पडलं, अहवालात सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसला, की युरिया पाव हिश्शाने कमी करा आणि एका खाचरात करून पाहा. पालाशाचं वेगळं आहे. शेणखतातला पालाश बराचसा त्याच वर्षी मिळतो, म्हणून अहवालात पालाश भरपूर असेल तर म्युरेट आधी कमी करता येतं.

मे आणि जून: रोपवाटिका आणि पाला

आपल्या भागात पूर्वापार राब भाजतात. शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत यांचे थर देऊन, वर माती टाकून पेटवतात आणि पहिल्या पावसात तिथे भात पेरतात. तण मरतं आणि राख मिळते हे खरं. पण नत्र आणि सेंद्रिय पदार्थ धूर होऊन जातात आणि त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात त्या वेगळ्याच. नव्याने सुरुवात करणाऱ्याने गादीवाफेच करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. दहा गुंठ्यांच्या लावणीला एक गुंठा रोपवाटिका पुरते. तिला २५० किलो कुजलेलं शेणखत मातीत मिसळा, पेरताना किलोभर युरिया, अर्धा-पाऊण किलो डीएपी आणि तेवढंच म्युरेट द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा किलोभर युरिया. भाताच्या तुसाची काळी राख मिळाली तर दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. तिच्यातल्या सिलिकामुळे रोपाची कांडी टणक होते. राईस मिलवर ही राख बहुतेक वेळा नुसती पडलेली असते. एक गोष्ट मात्र पाळा: राख आणि युरिया एकाच पाटीत मिसळू नका, राख अल्कधर्मी असल्याने युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं.

मुख्य खाचरात शेणखत कधी टाकायचं? एप्रिलमध्ये लहान लहान ढीग करून उन्हात सोडून देण्याची सवय सगळीकडे दिसते. त्यातलं नत्र तिथेच वाळून उडतं. ढीग एकच, मोठा, झाकलेला ठेवा. वळवाचा पाऊस होऊन जमीन नांगरता येईल अशी झाली की त्याच दिवशी पसरा आणि त्याच दिवशी औताने मातीआड करा. लावणीच्या आधी दोन-तीन आठवडे मिळाले तर उत्तम. जूनचा पाऊस लवकर जोर धरेल असं दिसलं तर मे अखेरीसच उरकून घ्या.

शेणखत कमी पडतंय, तर बांधावरचं गिरीपुष्प वापरा. आपल्याकडे याला उंदीरमारी म्हणतात. चिखलणीच्या सहा-आठ दिवस आधी गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला फांद्यांसकट खाचरात पसरा. पानं आपोआप गळतात, मग फांद्या गोळा करून चुलीला न्या आणि पानं चिखलात तुडवा. ही पानं कोवळी आणि नत्राने समृद्ध असल्याने आठवड्यात कुजतात, कच्च्या शेणासारखा त्रास देत नाहीत. हिरवळीचं खत म्हणून ताग-धैंच्याची शिफारस पुस्तकात वाचाल. तो गाडायला दीड महिना वाढावा लागतो आणि आपल्याकडे मेमध्ये पेरायला पाणी नसतं, त्यामुळे पाण्याची सोय असलेल्यांनाच तो जमतो. बाकीच्यांनी या जूनमध्ये बांधावर गिरीपुष्पाची हातभर लांबीची छाटं खोचून ठेवावीत, तिसऱ्या वर्षी पाला विकत आणावा लागत नाही.

चिखलणी आणि लावणी

दोन्ही खतांची खाचरात गाठ पडते ती इथे. शेवटच्या चिखलणीला पाणी कमी करा, दोन-तीन सेंटिमीटर पुरे, आणि पाणी सोडायचं तोंड मातीने बंद करा. दहा गुंठ्यांना सगळं डीएपी, सगळं म्युरेट आणि साडेचार किलो युरिया एकसारखं फेकून शेवटच्या पाळीत चिखलात मिसळा. मिसळणं महत्त्वाचं, नुसतं पाण्यावर पडलेलं खत पावसाबरोबर खालच्या खाचरात जातं. आपली खाचरं पायरीपायरीने उतरतात. माझ्या खालच्या शेजाऱ्याचं पीक माझ्यापेक्षा गडद हिरवं का दिसतं, हे मला दोन वर्षांनी कळलं: माझा युरिया त्याच्याकडे जात होता. हलक्या, तांबड्या मातीत म्युरेट निम्मं इथे आणि निम्मं पोटरीच्या आधी द्या.

नायट्रेट असलेलं खत भाताला नको. पाणी भरलेल्या चिखलात हवा नसते, तिथे नायट्रेटचा वायू होऊन उडतो आणि उरलेला झिरपतो. अमोनिया स्वरूपातलं नत्र मातीच्या कणांना धरून राहतं, म्हणून युरिया आणि डीएपी चालतं.

याहून चांगला मार्ग हवा असेल तर डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धत शिकून घ्या. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरीपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, ही ती चार सूत्रं. म्हणजे सेंद्रिय आणि रासायनिक यांची जोडी या पद्धतीत आधीपासूनच आहे. लावणी दोरीवर, १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर आलटून पालटून ठेवून करायची. त्यामुळे चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक गोळी सात-आठ सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात, वजन सुमारे १ किलो ७०० ग्रॅम. खोल चिखलात गोळी हळूहळू विरघळते, पाण्यात मिसळत नाही, हवेत उडत नाही. नत्र जवळपास ४० टक्क्यांनी कमी लागतं आणि नंतर युरिया फेकावा लागत नाही, म्युरेट तेवढं चिखलणीला वेगळं द्या. मजुरी थोडी वाढते. पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवरच करा, हात बसायला वेळ लागतो. गोळ्या गावच्या दुकानात नसतात, म्हणून मेमध्येच चौकशी करून ठेवा.

युरियाचे पुढचे दोन हप्ते

गोळ्या न वापरणाऱ्यांसाठी दुसरा हप्ता लावणीनंतर पंचवीस ते तीस दिवसांनी, फुटव्यांच्या भरात, दहा गुंठ्यांना साधारण ८ किलो ७०० ग्रॅम. तिसरा लोंबी पोटात तयार व्हायला लागते तेव्हा, इंद्रायणीत लावणीनंतर पन्नासेक दिवसांनी, ४ किलो ३०० ग्रॅम. दिवस मोजण्यापेक्षा एक जाड चूड उभा चिरून पाहा. तळाशी बारीक पांढरा कापसासारखा कोंब दिसला की वेळ झाली. पोटरी फुगून लोंबी बाहेर पडल्यावर युरिया टाकला तर दाण्याला फायदा नाही, करप्याला होतो.

टाकण्याची रीत अशी. आधी बेणणी करा, नाहीतर खत तण खातं. पाणी काढून चिखल नुसता ओला ठेवा. पानावरचं दव किंवा पाऊस वाळू द्या, ओल्या पानाला युरिया चिकटला की पान भाजून ठिपके पडतात. युरिया टाकल्यावर बांधाची तोंडं बंद, आणि एक-दोन दिवसांनी हळूहळू पाणी घ्या. पुढचे दोन दिवस मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा. चार दिवस उशीर पिकाला चालतो, वाहून गेलेला हप्ता परत येत नाही. आता युरिया निंबोळीचा लेप असलेलाच मिळतो, त्यामुळे पूर्वीसारखी वेगळी पेंड चोळायची गरज फारशी राहिलेली नाही.

शेणखत चांगलं पडलं असेल तर दुसरा हप्ता पूर्ण लागतोच असं नाही, आणि हे ओळखायला पर्णरंग तक्ता उत्तम साधन आहे. प्लास्टिकच्या पट्टीवर फिक्या ते गडद हिरव्या रंगाचे पट्टे असतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, स्वतःच्या सावलीत, वरून पूर्ण उघडलेलं सर्वांत कोवळं पान त्यावर धरा. दहा ठिकाणी पाहा. दहापैकी सहा पानं चौथ्या पट्ट्यापेक्षा फिकी असतील तर युरिया द्या, नसतील तर आठवड्याने पुन्हा पाहा. आंबेमोहरला तिसरा पट्टा धरा. पीक सुकलेलं किंवा कीड लागलेलं असेल तर तक्ता खोटं बोलतो.

एक पिवळेपणा मात्र युरियाने जात नाही. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके, वाढ खुंटलेली, तर तो जस्ताच्या कमतरतेचा खैरा रोग असतो. अहवालात जस्त कमी दिसलं तर झिंक सल्फेट हेक्टरी २० ते २५ किलो, म्हणजे गुंठ्याला पाव किलोपर्यंत, शेवटच्या चिखलणीला द्या. डीएपीमध्ये मिसळू नका, एकमेकांना अडवतात. दोन दिवस आधी शेणखताच्या बारीक चुऱ्यात मिसळून फेकलं तर सगळीकडे सारखं पसरतं.

दुकानात जाताना लागणाऱ्या किलोंची चिठ्ठी घेऊन जा. मला एका दुकानदाराने एकदा गोणीसोबत दोन बाटल्या टॉनिक घ्यायलाच लावलं होतं, त्याचा भाताला काहीही उपयोग झाला नाही. अंगठा लावल्यावर यंत्रातून पावती निघते, ती घ्या, त्यावर फक्त तुम्ही मागितलेलंच आहे का ते तिथेच वाचा. उरलेला युरिया घट्ट बांधून फळीवर ठेवा आणि जनावरांच्या तोंडाला येऊ देऊ नका. मिठासारखा दिसतो, आणि गाईने खाल्ला तर विषबाधा होते.

कापणी झाली की

प्रत्येक खाचराला नाव किंवा नंबर द्या आणि वहीत लिहा: शेणखत किती किलो, कोणत्या दिवशी, युरियाचे हप्ते कधी, पाऊस कसा, लोळलं का, भात किती निघालं. एका खाचराचा कोपरा दरवर्षी नुसत्या रासायनिक खतावर ठेवा आणि शेजारी शेणखतासह. दोन्हीकडच्या एका चौरस मीटरच्या लोंब्या वेगळ्या कापून तोला. माझ्या खाचरात पहिल्या वर्षी फरक जेमतेम होता. तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये मधेच पंधरा दिवस उघडीप पडली, तेव्हा शेणखताच्या बाजूची माती फाटली नव्हती आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या.

पेंढा सगळा विकू नका. जनावरांना लागतो तो ठेवून उरलेला उकिरड्यावर न्या, कारण भाताने मातीतून उचललेल्या पालाशाचा बराचसा भाग पेंढ्यातच असतो. मग खाचरात ओल आहे तोवर हरभरा किंवा वाल टोकून घ्या, आणि टोकण्याआधी, माती अजून मऊ असताना, पुढच्या वर्षीचा नमुना खणून ठेवा.